वेबसाइट तिन्ही ब्राउझर इंजिनांवर कशी तपासायची, आणि ही इंजिनं टिकायलाच का हवीत

मी सांगलीत वेबसाइट बनवते. पतसंस्था, वाचनालयं, शाळा, हळदीचे व्यापारी, एक-दोन दिवाळी अंक असे माझे क्लायंट. माझ्याकडे शिकायला येणारी मुलं सुरुवातीलाच एक प्रश्न हमखास विचारतात: “ताई, सगळे क्रोमच वापरतात, मग फायरफॉक्स आणि सफारीवर कशाला तपासायचं?” हा लेख त्या मुलांसाठी आहे, आणि मराठी साइट बनवणाऱ्या प्रत्येकासाठी. तपासायचं कसं ते सांगतेच. पण कशासाठी, हे पटलेलं नसेल तर कामाच्या घाईत हीच पायरी सगळ्यात आधी गळते. म्हणून आधी तेवढं बोलू.

इंजिनं किती आणि कुठली

टॅब, बुकमार्क, सेटिंग हा ब्राउझरचा दिसणारा भाग. आत जो भाग पानाचा कोड वाचतो आणि पडद्यावर अक्षरं, चित्रं, रकाने मांडतो, ते इंजिन. आज मोठी इंजिनं तीनच उरली आहेत: क्रोमचं ब्लिंक, फायरफॉक्सचं गेको आणि ॲपलच्या सफारीचं वेबकिट. एज, ऑपेरा, ब्रेव्ह, विवाल्डी, सॅमसंग इंटरनेट ही सगळी मंडळी ब्लिंकवरच चालतात. त्यामुळे क्रोम आणि एजवर साइट पाहिली म्हणजे दोन ठिकाणी तपासली असं धरू नका, एकाच इंजिनावर दोनदा पाहिली. आयफोनचं उलट आहे. आपल्याकडच्या आयफोनवर क्रोम उघडा नाहीतर फायरफॉक्स, आत वेबकिटच असतं, कारण ॲपलचा तसा नियम आहे. युरोपीय संघात मार्च २०२४ पासून कायद्यामुळे दुसऱ्या इंजिनांना वाट मिळाली, भारतात ती नाही.

पूर्वी इंजिनं जास्त होती. ऑपेराने स्वतःचं प्रेस्टो सोडायचं २०१३ मध्ये जाहीर केलं. मायक्रोसॉफ्टने स्वतःच्या इंजिनाबाबत डिसेंबर २०१८ मध्ये हात टेकले आणि जानेवारी २०२० मध्ये एज क्रोमियमवर, म्हणजे क्रोमच्या मागच्या खुल्या कोडवर नेलं. ब्लिंक एप्रिल २०१३ मध्ये वेबकिटमधूनच फुटून निघालं, आणि वेबकिट त्याआधी केडीई या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाच्या केएचटीएमएल इंजिनातून. म्हणजे तिघांतली दोन एकाच मुळाची, आणि गेको तेवढं वेगळ्या मुळाचं. फायरफॉक्सवर तपासा असं मी इतक्या आग्रहाने म्हणते त्याचं हे एक कारण.

मराठीने याची किंमत मोजलेली आहे

इंटरनेट एक्स्प्लोररची सहावी आवृत्ती ऑगस्ट २००१ मध्ये आली आणि सातवी थेट ऑक्टोबर २००६ मध्ये. मधली पाच वर्षं जगातले दहातले नऊ लोक एकच ब्राउझर वापरत होते, आणि तो बनवणाऱ्यांना तो सुधारण्याची काही निकड नव्हती. नोव्हेंबर २००४ मध्ये फायरफॉक्स १.० आलं, लोक तिकडे जाऊ लागले, तेव्हा कुठे चक्रं हलली.

त्या काळात मराठी वर्तमानपत्रांच्या साइट कशा होत्या ते आठवतं का? प्रत्येकाचा फॉन्ट वेगळा आणि त्या फॉन्टचं एन्कोडिंगही, म्हणजे कुठल्या क्रमांकाला कुठलं अक्षर हेही, वेगळं. बऱ्याच साइट फॉन्ट पाठवायच्या तो मायक्रोसॉफ्टच्या ईओटी नावाच्या प्रकारात, आणि तो फक्त इंटरनेट एक्स्प्लोररला कळायचा. फायरफॉक्समध्ये तेच पान उघडलं की बातमीच्या जागी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा चिवडा. फायरफॉक्ससाठी ‘पद्मा’ नावाचं एक ॲड-ऑन होतं. ते असा मजकूर ओळखून युनिकोडमध्ये, म्हणजे अक्षरांच्या सगळीकडे सारख्या क्रमांकांत, बदलून दाखवायचं. वापरणाऱ्यांना ते वरदानच होतं. पण त्या पानांतला मजकूर सर्च इंजिनला सापडत नव्हता, कॉपी करून दुसरीकडे चिकटवता येत नव्हता. एका इंजिनाची सोय धरून लिहिलेला मराठी मजकूर त्या इंजिनाबरोबरच म्हातारा झाला. त्यातला कितीतरी आज वाचता येत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

यातून सुटका झाली ती स्पर्धेमुळे. सफारीने २००८ मध्ये आणि फायरफॉक्सने २००९ मध्ये साधे ट्रूटाइप फॉन्ट पानाबरोबर पाठवायची सोय दिली. मग फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलातले जोनाथन क्यू यांनी टाल लेमिंग आणि एरिक व्हॅन ब्लॉकलँड या दोन अक्षररचनाकारांबरोबर वॉफ हा फॉन्टचा प्रकार तयार केला. जानेवारी २०१० च्या फायरफॉक्स ३.६ मध्ये तो आला. त्याच एप्रिलमध्ये मोझिला, ऑपेरा आणि मायक्रोसॉफ्ट या तीन प्रतिस्पर्ध्यांनी मिळून तो वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेकडे मांडला. आज तुम्ही मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी साइटवर लावता आणि ती सगळीकडे दिसते, ती वॉफच्या नव्या आवृत्तीच्या जिवावर. ईओटी एकट्याच्या मालकीचा राहिला आणि संपला. वॉफ सगळ्यांना मान्य झाला आणि टिकला.

ऑपेरा मिनीचं उदाहरण मला आणखी जवळचं आहे. साध्या बटणांच्या फोनमध्ये देवनागरी फॉन्टच नसायचा, मराठी पानावर नुसते चौकोन दिसायचे. ऑपेरा मिनीत पत्त्याच्या जागी ‘ऑपेरा:कॉन्फिग’ टाइप करायचं, खाली जायचं, आणि गुंतागुंतीच्या लिप्यांसाठी बिटमॅप फॉन्ट वापरण्याचा पर्याय ‘येस’ करून सेव्ह करायचं. मग ऑपेराचा सर्व्हर त्यांच्या इंजिनावर पान मांडून अक्षरांची चित्रं करून पाठवायचा, आणि त्याच फोनवर मराठी वाचता यायचं. कॉलेजच्या मुलांमध्ये ही युक्ती तोंडोतोंडी पसरली होती. ज्या कंपनीकडे स्वतःचं इंजिन आणि स्वस्त फोनवाला ग्राहक होता, तिलाच हे सुचलं आणि करता आलं.

एकच कोड म्हणजे मानक नव्हे

हे समजायला वेबएसक्यूएलची गोष्ट पुरेशी आहे. ब्राउझरमध्ये डेटा साठवायची ही सोय होती. क्रोम, सफारी आणि ऑपेरामध्ये ती चालत होती. पण सगळ्यांनी आत एसक्यूलाइट हा एकच तयार कोड वापरला होता. डब्ल्यूथ्रीसीने नोव्हेंबर २०१० मध्ये काम थांबवलं आणि कारण स्पष्ट लिहिलं: मानक व्हायचं तर एकमेकांवर अवलंबून नसलेल्या अनेक अंमलबजावण्या हव्यात, इथे सगळ्यांच्या पोटात एकच आहे. पुढे त्याच कामासाठी इंडेक्स्डडीबी आलं आणि २०२४ मध्ये क्रोमनेही वेबएसक्यूएल काढून टाकलं. ज्यांनी ‘क्रोममध्ये चालतंय ना’ म्हणून त्यावर ॲप उभी केली, त्यांना ती पुन्हा लिहावी लागली.

यातलं तत्त्व साधं आहे. दोन वेगळ्या टीम एकच नियमावली वाचून वेगवेगळा कोड लिहितात आणि पान सारखंच दिसतं, तेव्हा नियमावली नीट लिहिली आहे हे सिद्ध होतं. एकच टीम असेल तर तिच्या कोडमधली चूकसुद्धा नियम होऊन बसते.

सुरक्षेचंही तसंच. क्रोमच्या जावास्क्रिप्ट इंजिनात भोक सापडलं की एज, ब्रेव्ह, ऑपेरा सगळ्यांना धावाधाव करून अपडेट काढावे लागतात, फायरफॉक्सला नाही. याउलट सप्टेंबर २०२३ मध्ये वेबपी चित्रं उघडणाऱ्या लायब्ररीत गंभीर दोष निघाला. ती लायब्ररी क्रोम आणि फायरफॉक्स दोघांतही होती, त्यामुळे दोघंही एकाच वेळी सापडले.

आणि पुढे कोण, हे दरवेळी बदलतं. सबग्रिड, म्हणजे आतल्या रकान्यांना बाहेरच्या रकान्यांशी जुळवायची सोय, फायरफॉक्सने डिसेंबर २०१९ मध्ये आणलं, क्रोमला सप्टेंबर २०२३ उजाडला. आत काय आहे ते पाहून बाहेरचा भाग निवडणारा ‘हॅज’ सिलेक्टर मार्च २०२२ मध्ये सफारीने आधी दिला, त्यात फायरफॉक्स मागे राहिलं. २०२२ पासून ॲपल, गुगल, मायक्रोसॉफ्ट, मोझिला आणि आणखी काही कंपन्या दरवर्षी ‘इंटरॉप’ नावाची यादी ठरवतात आणि त्या सोयी सगळीकडे सारख्या चालाव्यात म्हणून काम करतात. गुण जाहीर लागतात, त्यामुळे मागे पडायला कुणालाच आवडत नाही.

आता तपासणीची मांडणी

रोजचं काम फायरफॉक्समध्ये करा. क्रोमवर तुम्ही नाहीतरी पाहणारच, क्लायंट पाहणार, त्याचा भाचा पाहणार. फायरफॉक्सवर कुणी पाहणार नाही, म्हणून तिथे बांधा आणि क्रोमवर शेवटी उघडा. या एका सवयीने निम्मं काम होतं.

वेबकिटसाठी मॅक नसला तरी अडत नाही. लिनक्सवर ‘नोम वेब’ नावाचा ब्राउझर फुकट मिळतो, त्याचं इंजिन वेबकिटच आहे. विंडोजवर मायक्रोसॉफ्टचं प्लेराइट हे टेस्टिंगचं साधन घ्या. ते क्रोमियम, फायरफॉक्स आणि वेबकिट तिन्ही उतरवून देतं. साइटच्या महत्त्वाच्या पानांचे तिन्हींवरचे स्क्रीनशॉट एका कमांडमध्ये निघतील अशी छोटी स्क्रिप्ट करून ठेवा. साइट बदलली की ती चालवायची आणि चित्रं शेजारी शेजारी ठेवून बघायची.

मात्र मराठी साइटसाठी इथे एक बारकावा आहे, आणि तो फार कमी लोक सांगतात. देवनागरीत अक्षरं जुळवून जोडाक्षर करण्याचं काम क्रोम आणि फायरफॉक्स दोघंही हार्फबझ नावाच्या एकाच लायब्ररीकडून करून घेतात. नोम वेबही तिच्याकडूनच. आयफोन आणि मॅकवरची सफारी मात्र ॲपलच्या कोअरटेक्स्टकडून करून घेते. म्हणजे लिनक्सवरचं वेबकिट रकाने, बटणं, फॉर्म यांची परीक्षा घेईल, पण आयफोनवर तुमचं जोडाक्षर कसं दिसेल ते सांगणार नाही. त्यासाठी खरा आयफोनच हवा. जुना, सेकंडहँड चालेल, काच तडकलेलीही चालेल. मी तसाच एक ठेवला आहे.

त्यावर काय पाहायचं? मी प्रत्येक साइटवर एक लपवलेलं पान ठेवते आणि त्यात ही ओळ, साध्या आणि ठळक अशा दोन्ही वजनांत: “दऱ्याखोऱ्यांत कुऱ्हाड, उद्ध्वस्त वाङ्मय, हृदय, शृंगार, लक्ष्मी, ब्राह्मी, ॲल्युमिनिअम, ऑक्टोबर.” पहिल्या दोन शब्दांत मराठीचा खास आडवा र नीट बसतो का बघा. काही फॉन्टमध्ये तो सुटा पडतो किंवा त्याचा रफार होतो. ‘उद्ध्वस्त’मध्ये द, ध आणि व एकमेकांवर चढतात का, की पाय मोडलेले दिसतात? ‘वाङ्मय’मधला ङ चा ठिपका जागेवर आहे का? ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं, त्यामुळे जुन्या फॉन्टमध्ये ते नसतं आणि तेवढंच अक्षर दुसऱ्या फॉन्टमधून उसनं येतं. मथळ्यात ते लगेच डोळ्यात खुपतं. मग ल आणि श बघा. पानाच्या कोडमध्ये भाषा मराठी म्हणून नोंदवली आणि फॉन्टमध्ये मराठी वळणं असली, तर आपला ल आणि आपला श येतो, नाहीतर बहुतेक फॉन्टमध्ये हिंदी वळणाचा येतो. ही नोंद करायला एक ओळ लागते आणि कितीतरी मराठी साइटवर ती नसते.

एक गोष्ट इंजिनाच्या माथी मारू नका: अक्षरांमधलं अंतर वाढवलं की शिरोरेघ तुटते. ती तिन्हींत तुटते. तो आपल्या सीएसएसमधला, म्हणजे पानाची मांडणी-सजावट ठरवणाऱ्या कोडमधला, दोष आहे, तिथून ते अंतर काढून टाका.

जिथे हमखास अडतं

तारखा. डेटाबेसमधून ‘२०२४-०३-१५ १०:३०’ अशी तारीख येते आणि लोक ती तशीच जावास्क्रिप्टला देतात. क्रोम चालवून घेतं. जुन्या आयफोनवर पावतीवर तारखेच्या जागी ‘इनव्हॅलिड डेट’ छापून येतं. नियमावली फक्त आयएसओ पद्धतीची हमी देते, म्हणजे तारीख आणि वेळ यांच्यामध्ये मोकळी जागा नको, इंग्रजी ‘टी’ हवा. बाकीचं प्रत्येक इंजिनावर सोडलेलं आहे. दोष सफारीचा नसतो, आपण हमी नसलेल्या गोष्टीवर विसंबलेले असतो.

फॉर्म तपासणारे रेग्युलर एक्स्प्रेशन, म्हणजे भरलेला मजकूर ठरलेल्या साच्यात बसतो का ते पाहणारी सूत्रं. त्यातली ‘लुकबिहाइंड’, म्हणजे आधी काय आलं ते मागे वळून बघायची सोय, क्रोममध्ये २०१७ पासून आहे, सफारीत मार्च २०२३ मध्ये १६.४ आवृत्तीत आली. एका संस्थेचा सभासद अर्ज माझ्याकडे दुरुस्तीला आला होता. क्रोमवर उत्तम, जुन्या आयफोनवर कोरं पान. सगळ्या स्क्रिप्टमध्ये एकच ओळ लुकबिहाइंडची होती. ती वाचता न आल्यामुळे इंजिनाने अख्खी फाइल नाकारली, म्हणून अर्जच दिसेना. ओळ साध्या दोन अटींत लिहिली आणि अर्ज उघडला.

फोनची उंची. पान पूर्ण उंचीचं करायला शंभर व्हीएच (पडद्याच्या उंचीचं एकक) लिहिलं की आयफोनवर पत्त्याच्या पट्टीखाली ‘सबमिट’ बटण दडतं. आता एसव्हीएच आणि डीव्हीएच ही एककं तिन्ही इंजिनांत २०२२ पासून आहेत, ती वापरा.

दुसऱ्या साइटचा तुकडा आपल्या पानात बसवला असेल, मग ते लॉगिन असो की देणगीचा फॉर्म, तर तो फायरफॉक्स आणि सफारीवर आवर्जून तपासा. सफारीने मार्च २०२० पासून परक्या साइटच्या कुकी, म्हणजे वाचकाला ओळखण्यासाठी ब्राउझरमध्ये ठेवलेल्या छोट्या नोंदी, पूर्ण बंद केल्या, फायरफॉक्सने २०२२ मध्ये त्या प्रत्येक साइटपुरत्या कोंडल्या. गुगलने २०२० मध्ये त्या हटवू असं सांगितलं आणि जुलै २०२४ मध्ये बेत बदलला. वाचकाच्या मागावर राहणाऱ्या जाहिरातींना पहिला लगाम या दोन छोट्या इंजिनांनी घातला, ज्यांना बनवणाऱ्यांचा मुख्य धंदा जाहिराती विकण्याचा नव्हता. एकच इंजिन असतं तर हा पर्याय वाचकापुढे आलाच नसता.

ब्राउझरचं नाव वाचून कधीही निर्णय घेऊ नका. क्रोम स्वतःची ओळख देताना मोझिला, ॲपलवेबकिट, केएचटीएमएल, गेको, क्रोम आणि सफारी अशी सगळी नावं एका दमात सांगतं, कारण वर्षानुवर्षं साइटवाले नाव बघून लोकांना दारातून परत पाठवत आले. नावाऐवजी सोय आहे का ते विचारा. सीएसएसमध्ये त्यासाठी ‘सपोर्ट्स’ नियम आहे. आणि सीएसएसमधल्या सोयीच्या नावाआधी ‘वेबकिट’ उपसर्ग लावून थांबू नका, उपसर्ग नसलेलं साधं रूपही लिहा. लोकांनी तेवढंच लिहिल्यामुळे फायरफॉक्सला २०१६ मध्ये दुसऱ्याचा उपसर्ग स्वतःत घ्यावा लागला.

नवी सोय वापरावी की नाही, हे एमडीएन या वेबच्या संदर्भ-साइटवरच्या ‘बेसलाइन’ खुणेवरून ठरवा. सगळ्या मुख्य ब्राउझरांत येऊन ३० महिने झाले की ती ‘सर्वत्र उपलब्ध’ गणली जाते. पतसंस्था, शाळा, सरकारी काम यांसाठी मी हीच मर्यादा पाळते. तिथले लोक जुने फोन वापरतात. जिओफोनसुद्धा विसरू नका: त्यातलं कायओएस गेकोच्या जुन्या आवृत्तीवर आहे, आणि आपल्याकडे कोट्यवधी लोकांनी त्यावर इंटरनेट पाहिलं.

बिघाड सापडला तर कळवा

साइट दुसऱ्याची असेल तर फायरफॉक्सच्या मेनूत मोडकी साइट कळवण्याचा पर्याय आहे, तो दाबा. साइट सरकारी असेल आणि ‘फक्त अमुक ब्राउझर वापरा’ अशी पाटी दिसली, तर लेखी तक्रार करा. भारत सरकारच्या संकेतस्थळांसाठीच्या मार्गदर्शक तत्त्वांमध्ये अनेक ब्राउझरांवर तपासणी करायला सांगितलेलं आहे. त्याचा उल्लेख केला की उत्तर येण्याची शक्यता वाढते.

दोष इंजिनाचाच वाटला तर आधी नियमावलीत बघा, मग इतर दोन इंजिनांत काय होतं ते बघा. तिघांतलं एकच वेगळं वागत असेल तर तिथे बग नोंदवा: फायरफॉक्ससाठी बगझिला ही बग नोंदवायची साइट, वेबकिटची स्वतःची बगझिला, क्रोमियमचा इश्यू ट्रॅकर. तिन्ही सगळ्यांना खुल्या आहेत. पूर्ण साइटचा पत्ता देऊ नका. त्रास देणारा एक शब्द, एक फॉन्ट आणि दहा-पंधरा ओळींचं पान तेवढं जोडा.

देवनागरीचा बग असेल तर आणखी थोडी मेहनत घ्या. पलीकडच्या इंजिनिअरला देवनागरी वाचता येत नसणार, ‘रफार चुकलाय’ म्हटलं तर त्याला काहीच कळणार नाही. चुकीचं दिसतं त्याचा स्क्रीनशॉट द्या, त्याशेजारी बरोबर दिसायला हवं त्याचं चित्र द्या, फरकाभोवती लाल गोल काढा, शब्दातल्या प्रत्येक अक्षराचा युनिकोड क्रमांक क्रमाने लिहा. फॉन्टची आवृत्ती आणि ऑपरेटिंग सिस्टिमही लिहा, कारण कित्येकदा दोष फॉन्टचा निघतो आणि बग त्यांच्याकडे न्यावा लागतो. दुरुस्ती झाली की ती कुठल्या आवृत्तीत येणार त्याचा क्रमांक बगवर लिहिला जातो. तो टिपून ठेवा आणि तुमचे वाचक त्या आवृत्तीपर्यंत पोचेपर्यंत तेवढ्या मथळ्याला दुसरा फॉन्ट लावा.